डच फुटबॉलचं गणित: तीन फायनल, कप शून्य

१९७४ च्या वर्ल्डकपमधल्या नेदरलँड्सच्या टीमचा फोटो कधी बघितलात तर गोलकीपरच्या पाठीवर चक्क ८ नंबर दिसेल. गोलकीपर म्हणजे १ नंबर हे पोराटोरांनाही माहीत असतं, मग हे काय? तर त्या लोकांनी नंबर वाटले आडनावाच्या अक्षरांप्रमाणे, शाळेच्या हजेरीसारखे, त्यामुळे यान योंगब्लूत या गोलकीपरला ८ आला आणि १ नंबर गेला एका फॉरवर्डकडे. खरं तर त्या हिशोबाने १ नंबर कॅप्टन योहान क्रायफचा होता, पण त्याला १४ पाहिजे होता आणि तो त्याला मिळाला. एवढंच नाही, सगळ्या टीमच्या जर्सीवर आदिदासच्या तीन पट्ट्या आणि क्रायफच्या जर्सीवर दोनच, कारण त्याचं स्वतःचं काँट्रॅक्ट प्यूमाशी होतं. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, फक्त एकाला वेगळा. डच फुटबॉलची पुढची पन्नास वर्षं समजून घ्यायची तर ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण त्यांचं मोठेपण आणि त्यांची भांडणं दोन्ही याच एका जागेतून येतात.

वर्ल्डकपची फायनल तीनदा खेळले, १९७४, १९७८, २०१०, आणि तिन्ही हरले. एवढ्या फायनल खेळून एकदाही कप न मिळालेला दुसरा देश नाही. यावर सगळे पटकन म्हणतात, बिचारे, नशीब खराब. मला हे पटत नाही. नशीब एकदा खराब असतं, फार तर दोनदा. प्रत्येक वेळचं हरणं वेगवेगळं सुटं करून बघितलं ना, की कळतं की काही वेळा खरंच नशीब होतं आणि काही वेळा स्वतःच्या हाताने केलेला घोळ होता.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे लोक काही पहिल्यापासून भारी नव्हते. १९०८, १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं, १९३४ आणि १९३८ च्या वर्ल्डकपला गेले आणि दोन्ही वेळा पहिल्याच मॅचमध्ये हरून परत आले, आणि मग थेट १९७४. मधे छत्तीस वर्षं काहीच नाही. त्यांच्या फेडरेशनचं म्हणणं असं की खेळायचं ते हौसेने, पैसे घेऊन खेळणं म्हणजे पाप, त्यामुळे चांगले खेळाडू पोटापाण्यासाठी फ्रान्स, इटलीला जायचे आणि गेले की नॅशनल टीमचं दार बंद. १९५३ मध्ये नेदरलँड्समध्ये भयंकर पूर आला, समुद्राचं पाणी आत घुसलं, १८०० च्या वर माणसं गेली. तेव्हा बाहेर खेळणाऱ्या या ‘बाटलेल्या’ खेळाडूंनी पूरग्रस्तांसाठी पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध मॅच खेळली आणि २-१ ने जिंकली. लोकांनी विचारायला सुरुवात केली की अहो हे आपलेच ना, मग आपल्याकडे का खेळत नाहीत? पुढच्याच वर्षी, १९५४ ला, पैसे देऊन खेळवणं सुरू झालं. तरी लगेच काही उजाडलं नाही हां, १९६३ मध्ये हे लक्झेंबर्गकडून हरले. लक्झेंबर्ग! आणि तेही दोन्ही मॅच नेदरलँड्समध्येच खेळून.

मग बदललं काय? तर क्लब बदलले. फायनूर्ड या डच क्लबने १९७० ला युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला आणि मग आयाक्स या दुसऱ्या डच क्लबने १९७१, ७२, ७३ असा सलग तीनदा. आयाक्सची ती घडी बसवली रिनुस मिशेल्स नावाच्या कोचने आणि मैदानात ती चालवायचा क्रायफ. हीच जोडी ७४ ला नॅशनल टीममध्ये आली, आणि मग आला तो टोटल फुटबॉल.

टोटल फुटबॉल म्हणजे ‘सगळे सगळीकडे खेळतात’ असं जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. सगळे सगळीकडे पळायला लागले तर गल्लीतला खेळ होईल. मुद्दा आहे जागेचा. बॉल आपल्याकडे असला की मैदान जितकं मोठं करता येईल तितकं करायचं, विंगवाले पार रेषेला चिकटून उभे, म्हणजे समोरच्याला सगळीकडे पुरं पडता येत नाही. बॉल गेला की उलटं, मैदान लहान करायचं, सगळ्यांनी पुढे सरकायचं, बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यावर चार-पाच जणांनी धावून जायचं आणि मागची रांग इतकी वर आणायची की समोरचा फॉरवर्ड आपोआप ऑफसाइड. ७४ ची उरुग्वेविरुद्धची मॅच बघा, उरुग्वेचा माणूस बॉल घेऊन मान वर करतो आणि समोर डच जर्सींची नारिंगी भिंत चालून येतेय, त्याला कळतच नाही पास कुठे द्यावा. आणि जागा बदलण्याचं म्हणाल तर ते गरजेतून आलं. उजवा बॅक सूरबीर पुढे धावला की मागे भोक पडतं, ते भोक बुजवायला जो जवळ असेल त्याने जायचं, मग तो फॉरवर्ड का असेना. बॅकला परत पळत यायला लावण्यापेक्षा हे सोपं आणि दमही वाचतो. गोलकीपरसुद्धा यात आला, मागची रांग इतकी वर असते म्हटल्यावर तिच्या मागची मोकळी जमीन राखायला कुणीतरी पाहिजेच, म्हणून पायाने बरा खेळणारा योंगब्लूत घेतला. वय ३३, देशासाठी त्याआधी जेमतेम खेळलेला, आणि बाजूला स्वतःचं तंबाखूचं दुकान.

यासाठी काय लागतं ते बघा. प्रत्येक खेळाडूला पूर्ण मैदान डोक्यात ठेवावं लागतं, प्रत्येकाला विचार करावा लागतो, एकमेकांना ओरडून सांगावं लागतं. आता असे अकरा विचार करणारे लोक एका खोलीत बसवले की काय होणार? प्रत्येकाला आपलं तेच खरं वाटणार. हे पुढे येईलच.

फायनलपर्यंतच्या सहा मॅचमध्ये त्यांनी १४ गोल केले आणि खाल्ला एक, तोही स्वतःच्याच खेळाडूचा. अर्जेंटिनाला ४-०, ब्राझीलला २-०. यातली एकच मॅच जिंकली नाही, डॉर्टमुंडला स्वीडनशी, ०-०. गंमत म्हणजे क्रायफची जगप्रसिद्ध गिरकी याच मॅचमधली. पास देतोय असं दाखवून बॉल स्वतःच्याच पायामागून ओढला आणि वळला, स्वीडनचा यान ओल्सन बिचारा उलट्या दिशेला निघाला. आजही पोरं ती गिरकी शिकतात. पण त्यातून गोल झाला नाही, मॅच जिंकली नाही, आणि हे कुणाला आठवतही नाही. मला वाटतं डच फुटबॉल समजायला ही एक गिरकी पुरे.

फायनल, ७ जुलै १९७४, म्युनिक, समोर यजमान पश्चिम जर्मनी. डच लोकांनी बॉल फिरवायला सुरुवात केली, पंधरा-सोळा पास झाले, क्रायफ सुसाट आत घुसला, जर्मनीच्या होनेसने पाडला, पेनल्टी. नीस्केन्सने गोल मारला. तोपर्यंत एकाही जर्मन माणसाचा बॉलला पाय लागला नव्हता, पहिल्यांदा बॉलला हात लावला तो त्यांच्या गोलकीपरने, जाळ्यातून काढताना. दुसऱ्या मिनिटाला १-०. आणि इथेच माती खाल्ली. दुसरा गोल मारून विषय संपवायचा की नाही? तर नाही, हे बॉल फिरवत बसले. जर्मन लोकांची जिरवायची होती. योहान रेपने नंतर स्वतः कबूल केलं की आम्हाला त्यांची चेष्टा करायची होती आणि त्या नादात दुसरा गोल राहून गेला. आता याला नुसता माज म्हणून चालणार नाही, युद्ध संपून २९ वर्षं झालेली, मिडफिल्डर विम व्हॅन हानेगमचे वडील आणि भावंडं त्या युद्धात गेलेली. त्याच्यासाठी ती साधी मॅच नव्हतीच. पण स्कोअरबोर्डला भावना कळत नाहीत. २५ व्या मिनिटाला जर्मनीला पेनल्टी मिळाली (होल्झेनबाइन खरंच पडला की स्वतःहून उडाला यावर डच लोक अजून भांडतात, मुद्दाम पडण्याला ते जर्मन शब्दच वापरतात, श्वाल्बे), हाफटाईमच्या जरा आधी गर्ड म्युलरने दुसरा मारला आणि २-१ वर मॅच संपली. जर्मनीचा बर्टी फोग्ट्स क्रायफला सावलीसारखा चिकटलेला होता, दुसऱ्या हाफमध्ये यांनी भरपूर धडका मारल्या पण जर्मन गोलकीपर झेप मायरने काही आत जाऊ दिलं नाही. माझ्या हिशोबात ही हार नशिबाच्या खात्यात टाकायची नाही. ही स्वतःची.

१९७८ मात्र नशीबच. क्रायफ गेलाच नाही, तेव्हा लोकांनी नाही नाही ते तर्क लढवले, शेवटी २००८ मध्ये त्याने सांगितलं की बार्सिलोनातल्या घरात घुसून त्याला आणि कुटुंबाला पळवून न्यायचा प्रयत्न झाला होता, त्यानंतर खेळण्यात मनच राहिलं नाही. त्याच्याशिवाय टीम फायनलला पोचली, ब्यूनोस आयर्सला, परत समोर यजमानच, अर्जेंटिना. स्कोअर १-१, नव्वदावं मिनिट, रूड क्रॉलने लांबून बॉल टाकला, रॉब रेन्सेनब्रिंकने गोलच्या अगदी जवळून, अवघड कोनातून पाय लावला आणि बॉल पोस्टला लागून परत आला. हातभर इकडे लागला असता तर नेदरलँड्स वर्ल्ड चँपियन आणि त्या वर्ल्डकपमध्ये सगळ्यात जास्त गोल रेन्सेनब्रिंकचे. बस्स, तेवढंच. एक्स्ट्रा टाईममध्ये अर्जेंटिनाच्या केम्पेस आणि बर्टोनीने दोन मारले, ३-१.

मग पडझड. १९८२ चा वर्ल्डकप नाही, १९८६ चा नाही, आणि १९८४ चा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) ज्या पद्धतीने गेला ते ऐकून हसावं की रडावं. हे आणि स्पेन एकाच गटात, आणि यांना मागे टाकून क्वालिफाय व्हायला स्पेनला शेवटच्या मॅचमध्ये माल्टाला ११ गोलच्या फरकाने हरवायला लागणार होतं. हाफटाईमला ३-१. डच लोक निवांत झाले असतील. दुसऱ्या हाफमध्ये स्पेनने नऊ मारले. १२-१. संपलं.

आता १९८८, एकमेव सोन्याचं पान. कोच परत मिशेल्स, युरो पश्चिम जर्मनीत. पहिली मॅच सोव्हिएत युनियनकडून हरले. मार्को व्हॅन बास्टन नुकताच दुखापतीतून उठलेला म्हणून बाहेर बसवला होता, दुसऱ्या मॅचला घेतला तर इंग्लंडविरुद्ध त्याने तीन गोल मारले. तिसऱ्या मॅचमध्ये आयर्लंडविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कीफ्टच्या डोक्याला लागून बॉल विचित्र फिरून आत गेला, तो गेला नसता तर हे घरी. (नशिबाच्या खात्यात जमेची बाजूही आहे बरं का, ती कुणी मोजत नाही.) सेमी हँबर्गला, समोर पश्चिम जर्मनी, आणि या वेळी पेनल्टीवर आधी जर्मनी पुढे, मग पेनल्टीवर यांची बरोबरी, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत व्हॅन बास्टनने घसरत बॉल कोपऱ्यात ढकलला. ७४ चं उलटं चित्र. त्या रात्री नेदरलँड्समध्ये जवळजवळ ९० लाख लोक रस्त्यावर आले असं सांगतात, देशच दीड कोटीच्या आतबाहेर. फायनलपेक्षा या सेमीचा जल्लोष मोठा होता, यातच सगळं आलं.

फायनल म्युनिकच्या त्याच स्टेडियममध्ये, समोर परत सोव्हिएत युनियन, आणि तारीख २५ जून, अर्जेंटिनाकडून हरलेल्या फायनलला बरोब्बर दहा वर्षं. रूड गुलिटने हेडरने पहिला मारला. दुसऱ्याबद्दल बोलायलाच पाहिजे. ३७ वर्षांच्या आर्नोल्ड म्यूरेनने डावीकडून उंच, जरा जास्तच लांब बॉल टाकला. व्हॅन बास्टन उजव्या बाजूला इतका कडेला होता की तिथून कुणी गोलवर मारत नाही, बॉल थांबवतात, कुणी येतंय का बघतात. त्याने हवेतूनच मारला. बॉल सोव्हिएत गोलकीपर दासायेवच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात. कॅमेऱ्यात मिशेल्स दिसतो, तोंडावर हात घेऊन, जणू त्याचाच विश्वास बसत नाहीये. २-० ने युरो जिंकला, आणि पुरुषांच्या टीमचा हा आजवरचा एकमेव मोठा कप. (महिलांनी २०१७ चा युरो जिंकला, २०१९ ला वर्ल्डकपची फायनलही खेळल्या, त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे.)

एवढी तयार टीम, दोन वर्षांनी वर्ल्डकप, म्हणजे जिंकणारच ना? इथे भांडणांचं प्रकरण सुरू होतं. खेळाडूंना कोच म्हणून क्रायफ पाहिजे होता, फेडरेशनने दिला लिओ बेनहाकर. १९९० ला इटलीत ही टीम एकही मॅच न जिंकता बाहेर पडली, तीन बरोबरी आणि मग जर्मनीकडून २-१, त्यात रायकार्ड जर्मनीच्या फोलरवर थुंकला आणि दोघांनाही रेड कार्ड. १९९४ ला वर्ल्डकपच्या तोंडावर गुलिट कँप सोडून निघून गेला. १९९६ च्या युरोत डाव्हिड्सने कोचबद्दल जाहीर काहीतरी बोलल्यावर त्याला मधूनच घरी पाठवलं. मी मघाशी म्हटलं ते हेच, ज्या पद्धतीत पोराला लहानपणापासून ‘तू विचार कर, तू बोल’ शिकवतात तिथे मोठा झाल्यावर तो बोलणारच. खेळताना हेच वरदान आणि हॉटेलात परत आलं की हीच डोकेदुखी.

आणि पेनल्टी. वर्ल्डकप आणि युरो मिळून त्यांच्या वाट्याला आठ शूटआऊट (बरोबरी सुटली नाही की पेनल्टी मारून निकाल) आले, जिंकले दोन. १९९२ ला डेन्मार्ककडून, तिथे चुकला कोण तर व्हॅन बास्टन, १९९६ ला फ्रान्सकडून, १९९८ ला ब्राझीलकडून. पण २००० म्हणजे कहर होता. युरो घरच्या मैदानावर, सेमी अ‍ॅमस्टरडॅमला, इटलीचा एक माणूस ३४ व्या मिनिटालाच रेड कार्ड घेऊन बाहेर. पहिल्या हाफमध्ये पेनल्टी मिळाली, फ्रँक द बूरने मारली, इटलीचा गोलकीपर टोल्डोने अडवली. दुसऱ्या हाफमध्ये परत मिळाली, क्लायव्हर्टने पोस्टला मारली. ०-०. मग शूटआऊट, परत द बूर, परत टोल्डो. स्टामने बॉल वरून प्रेक्षकांत पाठवला, क्लायव्हर्टचा तेवढा गेला, बॉसवेल्टचा अडला. एका मॅचमध्ये सहा पेनल्टी, पाच वाया. याला कुणी नशीब म्हणत असेल तर कठीण आहे. पेनल्टी म्हणजे लॉटरी असं त्या काळी बरेच लोक म्हणायचे, पण लॉटरीत गोलकीपर नसतो. ११ मीटरवरून एकट्याने चालत जाऊन, सगळं स्टेडियम बघत असताना मारणं हे वेगळंच कौशल्य आहे, त्यात सुंदर काही नाही, आणि मला कायम वाटत आलंय की म्हणूनच यांचं त्यात मन रमलं नाही.

२००२ च्या वर्ल्डकपला गेलेच नाहीत. २००८ च्या युरोत इटलीला ३-०, फ्रान्सला ४-१ धुतलं आणि मग रशियाकडून हरले, रशियाचा कोच कोण, तर गुस हिडिंक, डच माणूस. घरचा भेदी वगैरे म्हणायला हरकत नाही.

२०१० ला मात्र उलटं झालं. कोच व्हॅन मारवाइकने ठरवलं की सुंदर बिंदर राहू दे, जिंकायचं. क्वालिफाइंगच्या आठही मॅच जिंकल्या, वर्ल्डकपमध्ये फायनलपर्यंतच्या सहाही, ब्राझीलला हरवलं. आणि फायनलला समोर स्पेन, जे खेळत होते ते क्रायफने बार्सिलोनात रुजवलेलं फुटबॉल. म्हणजे डच लोकांची विद्या निळ्या जर्सीत आणि नेदरलँड्स तिला लाथा मारतायत, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाहीये, द योंगने स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर खरोखर बूट ठेवला आणि रेफरीने फक्त यलो दाखवलं. तरी जिंकण्याची संधी आलीच. ६२ वं मिनिट, स्नायडरचा पास, आर्यन रॉबेन एकटा आणि पुढे फक्त स्पेनचा गोलकीपर कासियास. कासियास चुकीच्या बाजूला पडला होता, पण मागे राहिलेल्या उजव्या पायाला बॉल लागला आणि बाहेर गेला. मी ती मॅच रात्री जागून बघितली होती आणि त्या क्षणी उठून उभा राहिलो होतो, मग तसाच खाली बसलो. ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्ताने मारला. क्रायफ तर स्वतःच्याच टीमवर उघड चिडला, हे फुटबॉलच नाही म्हणाला. ७४ च्या टीमला हरूनही लोक डोक्यावर घेतात, २०१० वाल्यांना त्यांच्याच देशात तेवढं प्रेम मिळालं नाही.

२०१४ ला लुई व्हॅन गाल आला आणि त्याने स्पेनला ५-१ ने हरवून हिशोब चुकता केला. पण मला त्यातली कोस्टारिकाची मॅच जास्त आवडते. क्वार्टर फायनल, ०-०, एक्स्ट्रा टाईमचा शेवटचा क्षण, आणि व्हॅन गाल गोलकीपर बदलतो. सिलेसनला बाहेर, टिम क्रुलला आत, फक्त पेनल्टीसाठी. सिलेसनला आधी सांगितलंही नव्हतं, तो बाटलीला लाथ मारत बाहेर गेला. क्रुल पाचही वेळा बरोबर बाजूला पडला, दोन अडवल्या. म्हणजे पहिल्यांदा कुणीतरी पेनल्टीकडे लॉटरी म्हणून नाही तर डोकं लावायची गोष्ट म्हणून बघितलं. आणि सेमीला अर्जेंटिनाविरुद्ध परत शूटआऊट आलं तेव्हा तीनही बदल वापरून झाले होते, क्रुल बेंचवर बसून राहिला. हरले.

त्यानंतर २०१६ चा युरो हुकला, तोही २४ टीमचा झाल्यावर, २०१८ चा वर्ल्डकप हुकला, मग परत रुळावर. २०२४ च्या युरोत सेमीला इंग्लंडकडून ९० व्या मिनिटाच्या गोलने हरले. पण त्याआधीचं २०२२ सांगतो आणि थांबतो. कोच परत व्हॅन गाल, क्वार्टर फायनल, परत अर्जेंटिना. २-१ ने मागे, नव्वद मिनिटांवर वाढवून दिलेल्या वेळाचं अकरावं मिनिट, बॉक्सच्या बाहेर फ्रीकिक. अख्खं स्टेडियम धरून बसलंय की आता हा जोरात मारणार. कूपमाइनर्सने मारायचा आव आणला आणि बॉल जमिनीवरून हळूच भिंतीच्या बाजूने आत सरकवला, तिथे वाउट वेगहॉर्स्ट पाठ करून उभा होता, वळला आणि मारला. २-२. अशा वेळी, हातपाय कापत असताना, हे करायला सुचतं आणि जमतं फक्त यांनाच. मग शूटआऊट. पहिली पेनल्टी व्हॅन डाइक, अडली. दुसरी बर्खाउस, अडली.